श्वासाची शिदोरी – भाग ५ : ‘काका, पंप घेऊन दाखवा’

सीओपीडी या श्वसनमार्ग अरुंद करणाऱ्या दीर्घकालीन आजारात फुफ्फुसांची झालेली हानी भरून येत नाही, पण धाप आटोक्यात राहू शकते, हे आपण गेल्या आठवड्यात पाहिलं. मग ती आटोक्यात ठेवायची कुणी? डॉक्टरांची भेट महिन्याकाठी काही मिनिटांची. बाकीचे दिवस रुग्ण घरी असतो आणि काळजी त्यालाच घ्यावी लागते. ती कशी घ्यायची, हे त्याला कुणीतरी शिकवलेलं असावं लागतं.

असे रुग्ण कोण असतात, ते आधी पाहू. पनवेल तालुक्यात एकीकडे तळोज्याचे कारखाने, तर दुसरीकडे डोंगरालगतच्या वाड्यांमधल्या चुली. रायगडातली कितीतरी कातकरी कुटुंबं पावसाळा सरला की वीटभट्ट्यांवर जातात. बिडीला कधी हात न लावलेल्या बाईलाही धाप लागते, कारण जन्मभर ती चुलीच्या धुरात बसलेली असते. तेव्हा पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनमध्ये असलेले डॉ. संदीप साळवी यांनी पीटर बार्न्स यांच्यासोबत २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये नेमका हाच मुद्दा मांडला होता. आज आशाताई घरोघरी जो तपासणी फॉर्म भरतात, त्यात स्वयंपाकाला कोणतं इंधन वापरता आणि वीटभट्टीसारख्या धुराच्या ठिकाणी काम करता का, हेही विचारलेलं असतं.

फॉर्म भरून झाला, निदान झालं, औषध ओढायचा पंप (इनहेलर) हाती आला. खरी शिकवणी इथून पुढे. “पंप घेता ना?” असं विचारलं की प्रत्येक जण “हो” म्हणतो. “घेऊन दाखवा,” म्हटलं की चूक दिसते. कुणी पंप हलवतच नाही, कुणी आधी दाबतो आणि मग श्वास ओढतो, तर कुणी ओढायची कॅप्सूल पाण्याबरोबर गिळून टाकतो. पंप असेल तर आधी श्वास पूर्ण सोडायचा, मग सावकाश ओढता ओढता दाबायचं आणि दहा अंक मोजेपर्यंत श्वास रोखायचा. कॅप्सूलची पावडर मात्र जोरात ओढावी लागते. औषधात स्टेरॉइड असेल तर नंतर खळखळून चूळ भरायची. हे एकदा सांगून भागत नाही, दर भेटीला करवून घ्यावं लागतं.

दुसरा धडा बिघाड ओळखण्याचा. रोजच्यापेक्षा धाप वाढली, बेडका जास्त पडू लागला किंवा पिवळा-हिरवा झाला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं. बसल्या जागी धाप लागली, एक वाक्य पुरं होईना, ओठ निळसर पडले किंवा माणूस गुंगीत जाऊ लागला, तर थेट १०८. हे मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावावं आणि घरातल्या सुनेला, नातवालाही समजावून द्यावं.

अशा शिकवण्यानं फरक पडतो का? कॅनडातल्या क्वेबेकमध्ये प्रशिक्षित आरोग्य कर्मचारी सुमारे दोन महिने दर आठवड्याला रुग्णांच्या घरी गेले आणि पुढे दर महिन्याला फोन करत राहिले. आजार बळावल्यामुळे रुग्णालयात भरती होण्याचं प्रमाण वर्षभरात सुमारे ४० टक्क्यांनी घटल्याचं २००३ मध्ये प्रसिद्ध झालं. उलट अनुभवही आहे. अमेरिकेत माजी सैनिकांसाठीच्या रुग्णालयांमध्ये रुग्णांना शिकवलं, लेखी आराखडा दिला, आपत्कालीन गोळ्याही घरी दिल्या. पण शिकवलेल्या गटात मृत्यू जास्त दिसल्यामुळे तो अभ्यास मध्येच थांबवावा लागला. त्यामागचं कारण अजूनही उलगडलेलं नाही. आपण एवढी सावधगिरी मात्र बाळगावी: घरातल्या गोळ्या मनानं सुरू करू नयेत, आणि आराखडा देणाऱ्यानं रुग्णाची विचारपूस सोडू नये.

पनवेलसारख्या तालुक्यात ही विचारपूस आशाताई, उपकेंद्रातली परिचारिका आणि पंप देणारा औषधविक्रेता सहज करू शकतात. त्याला यंत्र लागत नाही, पाच मिनिटं लागतात. तुमच्या घरी कुणी पंप घेत असेल, तर आज संध्याकाळी शेजारी बसा आणि म्हणा, “काका, घेऊन दाखवा.” चूक दिसली तर रागावू नका, पंप घेऊन त्यांच्यासोबत दवाखान्यात जा.

पुढच्या आठवड्यात : धाप लागत असतानाही चालायचं कसं आणि किती?