जखमी तबकडीचें संगीत

ओरखडा उठलेली तबकडी ग्रामोफोनवर अडखळे, तें ऐकणारास तत्काळ कळे. कॉम्पॅक्ट डिस्कचें यंत्र मात्र मोठें धूर्त. प्रत्येक बाजूच्या ध्वनीच्या सेकंदास 44,100 नोंदी वाचतांना एखादी हुकली, तर शेजारच्या नोंदींवरून तें ती बेमालूम भरून काढतें. न्यूयॉर्कवासी जपानी कलावंत यासुनाओ टोने यांनीं 1985 च्या सुमारास हा धूर्तपणाच हाणून पाडला. टांचणीनें भोंकें पाडलेली चिकटपट्टी त्यांनीं तबकडीच्या खालच्या अंगास लावली. चुकांची भरपाई यंत्राच्या आवांक्याबाहेर गेली व सुरावटीऐवजीं खडखडाट आणि चीत्कार उमटूं लागले.

यास संगीत म्हणावें काय? आमच्या गवयांस तें रुचणार नाहीं, हें उघड आहे. आज संगणकावर ध्वनीचे बारीक तुकडे उलटसुलट जोडून असें अडखळणें हवें तेव्हां घडवितां येतें. पण तेथें अपघातहि आज्ञाधारक! टोने यांच्या यंत्रांतून पुढच्या क्षणीं काय निघेल, हें खुद्द त्यांसहि ठाऊक नसे.