शरण आला म्हणजे सुटला?

“चार खून करा, मग शरण या. लाखो रुपये मिळतात, वर गुन्हेही माफ!” गडचिरोलीत नक्षलवाद्यांच्या आत्मसमर्पणाची बातमी आली की हे वाक्य कानावर पडतंच. ऑक्टोबर 2025 मध्ये माओवाद्यांच्या पॉलिट ब्युरोचा सदस्य भूपती 60 साथीदारांसह बाहेर आला, तेव्हा तर अशा बोलण्याला ऊतच आला होता.

अहो, एकदा आत्मसमर्पणाची योजना तरी वाचा! डोक्यावरचं बक्षीस वेगळं आणि पुनर्वसनाची रक्कम वेगळी. पोलिसांच्या पत्रकात दोन्ही आकडे असतात, मथळ्यात मात्र मोठाच जातो. केंद्राच्या योजनेत वरिष्ठाला 5 लाख, खालच्या पदावरच्याला अडीच लाख. राज्यं आपापली भर घालतात. केंद्राची ही रक्कमही हातात पडत नाही. ती मुदत ठेवीत राहते आणि वर्तन चांगलं असेल तरच तीन वर्षांनी काढता येते.

आणि माफी? केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट सांगतात की गंभीर गुन्ह्यांचे खटले न्यायालयात चालूच राहतील. सरकारला एखादा खटला मागे घ्यायचा झाला, तरी न्यायालयाची परवानगी लागते. मंत्र्यांच्या हातून पुष्पगुच्छ घेतल्याने आरोपपत्र फाटत नाही.

शरण आलेल्यांची लोक म्हणतात ती ‘मजा’ही पाहा. अनेक जण कोवळ्या वयात दलममध्ये, म्हणजे सशस्त्र तुकडीत, गेलेले. बाहेर येतात तेव्हा आधार कार्ड नाही, बँकेत खातं नाही. लग्नाआधी पुरुषांची नसबंदी हा तिथला शिरस्ता, म्हणून मूल हवं असणाऱ्यांना पुन्हा शस्त्रक्रिया करून घ्यावी लागते. गावी परतावं तर खबऱ्या ठरवून मारलं जाण्याची भीती.

‘सगळ्यांना पोलिसात घेतात’ हेही खोटं. बस्तरच्या डिस्ट्रिक्ट रिझर्व्ह गार्ड (डीआरजी) या पोलीस दलात माजी नक्षलवादी आहेत, पण योजनेत सर्वांसाठी आहे ते व्यवसाय प्रशिक्षण आणि तीन वर्षं मासिक विद्यावेतन. गडचिरोलीतल्या कोनसरीच्या लोह प्रकल्पात काही जण कामाला लागले आहेत. ‘हे नवीनच खूळ’ म्हणणाऱ्यांसाठी: महाराष्ट्राची स्वतःची आत्मसमर्पण योजना 2005 पासून आहे. ‘मोठे नेते कुठे येतात?’ भूपतीच्या आधी, 1 जानेवारी 2025 रोजी, त्याची पत्नी तारक्काही शरण आली होती.

ज्यांच्या घरचं माणूस मारलं गेलं, त्यांचा राग रास्तच आहे. पण त्यांचा प्रश्न खटल्याचा निकाल कधी लागणार हा आहे, आणि त्याचं उत्तर न्यायालयांनी आणि तपास यंत्रणेनं द्यायचं आहे.