मित्रराष्ट्रांचे करार व आपला कापूस

सोनगीरच्या काळ्या रानांत पिकलेल्या कापसाचा भाव परराष्ट्रांच्या कचेऱ्यांतही ठरतो, हें ध्यानांत असावें. आखूड धाग्याच्या हिंदी कापसाचें जपान मोठें गिऱ्हाईक होतें. १९३४ च्या करारान्वयें त्यानें १० लक्ष गांठी घेतल्यास ३२.५ कोटी वार कापड येथें आणण्याची त्यास मुभा होती. जुलै १९४१ मध्यें जपाननें दक्षिण इंडोचायनांत सैन्य घातलें, तेव्हां अमेरिका, ब्रिटन व नेदरलंड यांनीं जपानी मालमत्ता गोठविली. हिंदुस्थान सरकारनेंही तेंच केलें आणि तो बाजार बंद पडला. २०२१ सालीं मात्र भारत, जपान व ऑस्ट्रेलिया मालाचा पुरवठा अखंड राहावा म्हणून एकत्र आले. राष्ट्रांचें सख्य बदलतें. यास्तव शेतकरी बंधूंनीं सारें रान एकाच गिऱ्हाइकाच्या भरंवशावर ठेवूं नये.