चौकोनी भोकाचे नाणे आणि राज्याची पत

प्राचीन चीनमधील पहिली नाणी गोल नव्हती. तांब्यात कथील व शिसे मिसळून केलेल्या काशाची ती नाणी खोऱ्याच्या किंवा सुरीच्या आकारात ओतलेली असत. त्याआधी कवड्यांना मोठे मोल होते आणि इ.स.पू. १२०० च्या सुमारास शांग राजाची राणी फू हाओ हिच्या दफनात सहा हजारांहून अधिक कवड्या ठेवण्यात आल्या होत्या. हनान प्रांतातील ग्वानच्वांग येथे खोरेनाणी ओतण्याचे मातीचे साचे सापडले असून, इ.स.पू. ६४० ते ५५० या काळातील ही टांकसाळ जगातील ज्ञात टांकसाळींपैकी अतिशय जुनी मानली जाते. पुढे मध्य चीनमधील राज्यांत खोरेनाणी, छी व यान या राज्यांत सुरीनाणी, तर दक्षिणेकडील छू राज्यात कवडीच्या घाटाची काशाची नाणी चालू लागली.

इ.स.पू. २२१ मध्ये छिन शी ह्वांग या सम्राटाने ही सर्व राज्ये जिंकून एकत्र केली आणि छिन राज्यातील गोल, मधोमध चौकोनी भोक असलेले ‘बानल्यांग’ नाणे साम्राज्यभर लागू केले. ल्यांग हे तेव्हाचे वजन असून त्याचे २४ चू होत, म्हणजे अर्ध्या ल्यांगच्या या नाण्याचे ठरीव वजन १२ चू, सुमारे ७.८ ग्रॅम, भरत असे. भारतात त्या काळी चांदीच्या तुकड्यांवर चिन्हांचे ठसे उमटवून आहत नाणी घडवली जात. चीनमध्ये मात्र वितळलेला धातू साच्यातल्या मुख्य पन्हळीतून एकाच वेळी अनेक नाण्यांच्या खाचांत उतरत असे, थंड झाल्यावर नाणी पन्हळीपासून तोडली जात आणि चौकोनी सळईत ओवून, ती फिरू नयेत अशा बेताने, त्यांच्या कडा कानशीने घासल्या जात.

नाण्याचा घाट छिन राजवटीने दिला हे खरे, परंतु त्याला पत मिळवून देण्याचे श्रेय त्यानंतरच्या हान राजवटीलाच द्यावे लागते, आणि तेही मोठी चूक भोगून झाल्यावर. इ.स.पू. १७५ मध्ये सम्राट वेन याने नाण्याचे वजन ४ चू ठरवून खासगी व्यक्तींनाही नाणी ओतण्याची मुभा दिली, तेव्हा ज्या यी या विद्वान अधिकाऱ्याने कडाडून विरोध केला. भेसळ केल्याशिवाय या धंद्यात नफा नाही आणि शेतकरी शेती सोडून तांब्याच्या मागे लागतील, असे त्याचे म्हणणे होते. घडलेही तसेच. वू प्रांताचा राजा ल्यू बी आणि सम्राटाचा मर्जीतला दरबारी देंग थोंग या दोघांची नाणी देशभर पसरली आणि इ.स.पू. १५४ मध्ये हाच ल्यू बी सात राजांच्या बंडाचा म्होरक्या झाला. सामान्य माणसाला नाणे मोजून भागत नव्हते, ते तोलावे लागे: हूबेई प्रांतातील फंगह्वांगशान येथील त्या काळच्या एका थडग्यात नाण्यांबरोबरच ती तोलण्याच्या तराजूची दांडी मिळाली असून, तिच्यावर तोलण्याचा नियम लिहिलेला आहे.

सम्राट वू याने इ.स.पू. ११८ मध्ये ‘वूचू’, म्हणजे ५ चू वजनाचे, नाणे काढले. कडा घासून कोणी तांबे चोरू नये म्हणून त्याला उंच काठ दिला. तरीही निरनिराळ्या प्रांतांतील ओतकामात खोट येतच राहिली, म्हणून इ.स.पू. ११३ मध्ये प्रांतांचा अधिकार काढून घेऊन राजधानीजवळच्या शांगलिन उद्यानातील सरकारी टांकसाळींकडे हे काम सोपवण्यात आले आणि जुनी नाणी वितळवण्याचा हुकूम निघाला. चीनच्या चलनाच्या इतिहासातील हा सर्वांत मोलाचा निर्णय म्हटला पाहिजे, कारण वूचू नाणे खंड पडत पडत का होईना, सात शतकांहून अधिक काळ टिकले. नानछांगजवळील हायहुनच्या सरदाराच्या थडग्यात दहा टनांहून अधिक वूचू नाणी निघाली, तीही हजार-हजारांच्या माळांत ओवलेली.

ही पत किती नाजूक होती, ते सत्ता बळकावणाऱ्या वांग मांगने दाखवून दिले. इ.स. १० मध्ये त्याने सोने, चांदी, कासवाचे कवच, कवड्या आणि तांबे अशा पाच द्रव्यांचे २८ प्रकारचे चलन जाहीर केले. लोकांनी ते नाकारून गुपचूप वूचूवरच व्यवहार चालवला आणि कडक शिक्षांनीही ते थांबले नाहीत.

इ.स. ६२१ मध्ये थांग राजवटीने ‘काययुआन थोंगपाओ’ हे नाणे आणले, ज्यावरील अक्षरे ओयांग शुन या नामवंत सुलेखनकाराची आहेत. त्यापासून नाण्यावर वजन लिहिण्याची चाल मागे पडली. जपान, कोरिया व व्हिएतनाम यांनी हाच घाट उचलला. सोंग काळात, १०८० च्या सुमारास, वर्षाला ५० लाख माळांच्या आसपास काशाची नाणी ओतली जात, आणि ती दूरवर पोचली: तमिळनाडूत तंजावर परिसरात चिनी नाण्यांचे साठे सापडले आहेत. १८८९ मध्ये ग्वांगदोंग येथे यंत्राने नाणी पाडण्यास सुरुवात झाली, आणि १९१२ मध्ये सिंहासन सोडणाऱ्या बालसम्राट पूयी याच्या कारकिर्दीतील ‘शुआनथोंग थोंगपाओ’ हे छिंग राजवटीचे अखेरचे चौकोनी भोकाचे नाणे ठरले.