कॅरॅव्हॅनमधला टीव्ही कशावर चालतो?

मीरा-भाईंदरहून निघालेल्या कॅरॅव्हॅनला काशिमिऱ्याच्या पुढे दोन वाटा मिळतात. एक महामार्गाने थेट गुजरातकडे, दुसरी राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरालगत घोडबंदरमार्गे ठाण्याला. मागच्या सीटवरच्या मुलांना मात्र एकच चिंता: मॅच मध्येच थांबणार तर नाही ना?

राज्याने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. गाडीतल्या इंटरनेटची सोय मात्र ज्याची त्यानेच करायची. टीव्हीसाठी घरची डीटीएच छत्री टपावर बसवून भागत नाही. टाटा प्लेसाठी २०२२ मध्ये सोडलेला जीसॅट-२४ उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंच आहे आणि छत्री त्याच्याकडेच, म्हणजे इथून आग्नेयेच्या बाजूला, अचूक रोखावी लागते. गाडी वळली की चित्र गेलं! मुक्कामाला थांबल्यावर छत्री लावणं ठीक.

चालत्या गाडीत भरवसा मोबाइल टॉवरचाच. फोनचा हॉटस्पॉट चालतो, पण गाडीचा पत्रा रेडिओलहरी अडवतो. म्हणून जाणकार टपावर अँटेना आणि आत १२ व्होल्टवर चालणारा सिमकार्डचा राउटर बसवतात. दोन कंपन्यांची सिमं घेणारा राउटर असेल तर उत्तम. डोंगराआड एकीची रेंज गेली तर दुसरी मिळण्याची शक्यता असते.

एचडी चित्राला सेकंदाला साधारण ५ मेगाबिट वेग पुरतो, मात्र तासाभरात दोन-तीन जीबी डेटा संपतो. त्यापेक्षा सिनेमे घरच्या वायफायवर आधीच उतरवून घेतलेले बरे. मॅचला तो इलाज नाही.