फोर्स्टनर बिट : रुंद, सपाट तळाच्या भोकासाठी

कपाटाच्या दाराला ऑटो हिंजेस बसवायचे ठरले की पहिली अडचण येते भोकाची. हिंजची वाटी 35 मिमी व्यासाची आणि 11 ते 13 मिमी खोल. दाराचा प्लाय बहुधा 18 मिमीचा. म्हणजे भोक रुंद हवे, तळ सपाट हवा आणि पलीकडे काही दिसता कामा नये. चपट्या बिटचे टोक लांब असते. वाटीची खोली गाठेपर्यंत ते समोरच्या सनमायक्याला आतून भिडते. होल सॉ नुसता गोल चर कापतो, मधले लाकूड जागेवरच राहते. या कामाला फोर्स्टनर बिटच लागतो.

कडेवर चालणारा बिट

अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात बेंजामिन फोर्स्टनर नावाचे बंदुकांचे कारागीर होते. त्यांनी 1874 मध्ये या बिटचे पेटंट घेतले. बंदुकीच्या लाकडी दस्त्यात यंत्र बसवायला साफ, सपाट तळाच्या खाचा कोराव्या लागत, त्या कामी हा बिट आला. गिरमिटाच्या टोकाला आटे असतात आणि ते त्याला लाकडात ओढत नेतात. फोर्स्टनरमध्ये हे आटे नाहीत. भोवतालची धारदार कड गोल रेघ कापत जाते, आतली दोन आडवी पाती पटाशीसारखी लाकूड सोलून काढतात. मधले टोक जेमतेम दोन-तीन मिमीचे, खुणेवर बिट टेकवण्यापुरते.

बिटला सरळ ठेवते ती कड, हे एकदा लक्षात आले की बाकीचे बरेच आपोआप कळते. फळीच्या काठावर अर्धेच भोक पाडता येते, एकात एक गुंतलेली भोके पाडून साल मोकळे करता येते, तिरपेही जाता येते. मात्र हे लाड बेंच ड्रिलवर, लाकूड क्लॅम्पने आवळून. हातातल्या ड्रिलने असे करायला गेलात तर बिट हमखास घसरणार.

कोणता घ्यावा

दोन प्रकार मिळतात. अखंड कडेचा बिट भोकाची भिंत सर्वांत गुळगुळीत काढतो, पण घासून तापतो लवकर. करवतीसारख्या दात्यांचा बिट कमी तापतो आणि झपाट्याने कापतो. मोठ्या मापात तोच बरा. धातूचे म्हणाल तर कार्बन स्टील स्वस्त, पण तापले की पाणी उतरते. हायस्पीड स्टील ती उष्णता सोसते. प्लाय आणि एमडीएफमधला डिंक धार पटकन खातो, म्हणून कपाटांचेच काम असेल तर कार्बाइडच्या पात्यांचा बिट घ्यावा.

लाकडी पेटीत मांडलेला पंधरा-सोळा बिटांचा स्वस्त संच मोहात पाडतो. त्यातली निम्मी मापे घरच्या कामात कधी लागत नाहीत. त्याच पैशात 35 मिमीचा आणि 25 मिमीचा असे दोन चांगले बिट घ्या. घेताना दोन्ही पाती एका उंचीवर आहेत का ते पाहा आणि दांडा आपल्या चकमध्ये बसतो का तेही विचारा. बऱ्याच घरगुती ड्रिलचा चक 10 मिमीचाच असतो.

वेग कमी, दाब पुरेसा

सर्वाधिक बिट जळतात ते वेगामुळे. घरातले इम्पॅक्ट ड्रिल मिनिटाला अडीच-तीन हजार फेरे सहज घेते. 35 मिमीच्या बिटला 500 ते 700 पुरतात, 25 मिमीला हजाराच्या आसपास. सागवान किंवा शिसवीसारख्या टणक लाकडात त्याहून कमी. बॅटरीचे ड्रिल असेल तर पहिल्या गिअरवर ठेवा. हॅमरचे बटण बंद आहे ना, हे आधी पाहा.

आटे नसल्यामुळे दाब आपल्यालाच द्यायचा असतो. भोकातून पातळ ढलप्या निघत असतील तर काम बरोबर चालले आहे. पीठ पडू लागले, जळका वास आला, तर एक तर धार गेली आहे किंवा वेग जास्त आहे. मधून मधून बिट उचलून भुसा झटका. डोळ्यांवर चष्मा हवा, एमडीएफला मास्क हवा. हातमोजे मात्र नकोत, फिरत्या बिटमध्ये ते गुंडाळले जातात.

हिंजचे भोक

वाटीची कड दाराच्या काठापासून 5 मिमी आत ठेवायची असेल, तर मध्यबिंदू येतो 22.5 मिमीवर. तिथे पोगरने खूण ठोका. खोली 12.5 मिमी धरली तर 18 मिमीच्या प्लायमध्ये साडेपाच मिमी उरते. त्यातही मधले टोक आणखी तीनेक मिमी खाली गेलेले असते. म्हणजे खरी शिल्लक अडीच मिमीच. म्हणून डोळ्याच्या अंदाजावर जाऊ नका. बिटवर कडेपासून मोजून चिकटपट्टी लावा आणि आधी टाकाऊ तुकड्यावर एक भोक पाडून त्यात वाटी बसवून पाहा.

हातातले ड्रिल सुरुवातीला नाचते. त्यावर सुतारांचा सोपा उपाय आहे : प्लायच्या तुकड्याला 35 मिमीचे आरपार भोक पाडून तो दारावर क्लॅम्प करायचा. बिटची कड त्या भोकात धरली जाते आणि टोकाची गरजच उरत नाही. चिकटपट्टी लावताना त्या तुकड्याची जाडी मिळवायला विसरू नका.

आधी मोठे, मग लहान

बोल्टचे डोके लाकडात बुडवायचे असेल तर आधी फोर्स्टनर, मग टोकाने पाडलेल्या खळीतून बारीक बिट. उलट क्रम केला तर टोकाला टेकायला लाकूडच राहत नाही. आरपार भोकाला खाली टाकाऊ फळी घट्ट लावा, नाहीतर मागच्या बाजूच्या चिंध्या होतात.

धार

धार लावायची ती आतल्या पात्यांना आणि कडेच्या आतल्या बाजूला, बारीक डायमंड कानशीने, दोन्हीकडे सारखेच हात मारून. कडेला बाहेरून कानस लावू नका : व्यास घटतो आणि 35 मिमीची वाटी भोकात बसेनाशी होते. कार्बन स्टीलच्या बिटची कड निळी पडली असेल तर धारेच्या नादी लागू नका, नवा बिट आणा.