चौकट : नवोदय विद्यालय आणि क्रीडा प्रबोधिनी

ग्रामीण शाळा, इंग्रजी, मैदान

• नांदेड जिल्ह्यातील जवाहर नवोदय विद्यालय शंकरनगर (ता. बिलोली) येथे असून, १९८५-८६ मध्ये झज्जर व अमरावतीपासून सुरू झालेल्या या केंद्रीय निवासी शाळांत सहावीचा प्रवेश निवड परीक्षेने होतो आणि किमान ७५ टक्के जागा ग्रामीण विद्यार्थ्यांसाठी असतात.

• आठवीपर्यंत मातृभाषा किंवा प्रादेशिक भाषा, त्यानंतर गणित-विज्ञानाला इंग्रजी व सामाजिक शास्त्राला हिंदी, असे माध्यम असते.

• अरावली, निलगिरी, शिवालिक, उदयगिरी या सदनांमध्ये, म्हणजे विद्यार्थ्यांच्या कायम गटांमध्ये, क्रीडास्पर्धा होतात.

• राज्य शासनाची क्रीडा प्रबोधिनी मात्र वेगळी. तेथील निवड शारीरिक क्षमता व क्रीडाकौशल्याच्या चाचण्यांवर ठरते.